एकशे सत्तेचाळीस

बिदियाच्या कडेला, जिथे डांबर संपतं
आणि टायरमधली हवा कमी करावी लागते,
तिथे मी झाडं मोजतो.
बलदियाच्या पगारावर, दोन वर्षांच्या कागदावर.
खोडाचा घेर, छातीच्या उंचीला.
पसारा, पूर्व-पश्चिम.
रकाना सहा: वय. रकाना सात: मालक.

झुवैना बिन्त खलफान काठी टेकत आली.
वय विचारलं तर म्हणाली,
आजीच्या लग्नाचे उंट ह्यालाच बांधले होते,
आणि तेव्हाही हे म्हातारंच होतं.
मालक विचारला तर हसली.
झाडाला कसला मालक?
सावलीला असतो, तोही घटकाभर.
रकान्यात मी लिहिलं: सरकार.

मग हातोडी काढली.
हिरवी पत्र्याची पट्टी, १४७,
खाली बारीक अक्षरात:
तोडण्यास, छाटण्यास, जाळण्यास,
काहीही लटकावण्यास मनाई.
पहिला खिळा अर्धा गेला
तेव्हा तिने माझं मनगट धरलं.
ह्याला इजा करू नका हे सांगायला
तू ह्यालाच खिळा मारतोस?

मला उत्तर अरबीत येत नव्हतं.
मराठीतही नव्हतं.
खिळा उपटला. भोकात तिने ओली माती दाबली.
पट्टी मी तारेने बांधली, सैल,
वाढीला जागा ठेवून.

ह्याला इथे घाफ म्हणतात.
आमच्या वेशीबाहेर हीच शमी होती,
जुनी माणसं सौंदड म्हणायची.
दसऱ्याला सीमोल्लंघन करून तिथवर जायचं
आणि दिवेलागणीला परतायचं.
मी सीमा ओलांडली ती फेब्रुवारीत,
मस्कतच्या विमानतळावर, पहाटे तीनला.
परतायचं तेवढं राहिलंय.

अज्ञातवासाला निघालेल्या कुणी म्हणे
शस्त्रं बांधून हिच्या शेंड्याला टांगली
आणि गुराख्यांना सांगितलं,
आईचं प्रेत आहे, जवळ येऊ नका.
झाडाला मिळालेलं ते पहिलं संरक्षण असावं.
क्रमांक नाही, दंड नाही,
नुसती एक थाप, आणि वासाची भीती.

नकाशावर रस्त्याची रेघ सरळ होती.
माझी नोंद वर गेली, शिक्का खाली आला,
रेघ अकरा मीटर वाकली.
रात्री बायकोला फोनवर सांगितलं,
आज एक रस्ता वाकवला.
ती म्हणाली, कुठे?

अकरा मीटरवर लच्छन्नाची खोली होती.
प्लायवूड, पत्रा, आत सहा खाटा,
दारात तेलाच्या डब्यात कढीपत्ता.
घेर नाही, वय नाही, कुठल्या यादीत नाही.
तिला हलवायला परवानगी लागत नव्हती.
लागला एक जेसीबी
आणि जेवणाची सुट्टी.

संध्याकाळी पाहणीला गेलो.
सहाही जण घाफखाली.
फांद्यांना पिशव्या, शर्ट, मोतीनचा दाढीचा आरसा,
आणि लुंगीत बांधलेलं एक गाठोडं,
उंच, सहज हात पोचू नये असं.
काय आहे त्यात?
लच्छन्ना माझ्या बुटांकडे बघत राहिला.
कागद, म्हणाला.
आणि थोड्या वेळाने: आमचे.

मी वही उघडली.
घेर: दोन मीटर चाळीस, तसूभर जास्तच.
खिळ्याची जखम: भरत आली.
तार: अजून सैल.
लटकावलेल्या वस्तू:

वारा पडला होता.
कढीपत्त्याचा डबा कुणीतरी खोडाला टेकवून ठेवला होता,
एका बाजूने चेपलेला.
मी आडवी रेघ ओढली.
आमच्या तहसिलीत ह्याला निरंक म्हणतात.

लच्छन्नाने खोडावर तळवा ठेवला.
जम्मी, म्हणाला, आमच्याकडे जम्मी.
दसऱ्याला.
मी मान हलवली.
मग दोघांचीही नजर गाठोड्याकडे गेली,
आणि दोघंही एकदम
दुसरंच काहीतरी बोलू लागलो.